चुलीला विचारलं का?

आमच्या मंडळीत पहिल्यांदा मतदान झालं, तेव्हा तिन्ही उमेदवार निवडून आले. जागा एकच होती.

साहेब उपासनामंदिराच्या पायरीवर उभे होते. परदेशी मिशनरी, उंच, उन्हाने कायमचे लाल झालेले, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलणारे. त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. मंडळीला आता आपल्यातलाच पाळक, म्हणजे धर्मगुरू, निवडायचाय. तीन माणसं आहेत, त्यांतला जो हवा त्याच्याच नावाला हात वर करायचा. पहिलं नाव मामांचं. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, मंडळीतले सगळ्यात जुने वडीलधारे. सगळे हात वर गेले. दुसरं नाव खालच्या पाड्यावरच्या मास्तरांचं. पुन्हा सगळे हात वर. तिसरं नाव माझ्या नवऱ्याचं. तेव्हाही तसंच. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत एकदा समजावलं, परत नावं घेतली आणि परत तेच झालं. त्यांचे कान होते त्याहून लाल झाले.

लोकांचं काही चुकलं नव्हतं. इथे सगळे एकमेकांचे सोयरे. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या नावाला हात खाली ठेवायचा म्हणजे त्याच्या तोंडावर ‘तू मला नकोस’ म्हणण्यासारखं. उद्या त्याच्याच विहिरीवर पाणी भरायला जायचं, त्याच्याच बैलांनी नांगरायचं. असा वाईटपणा कोण घेणार? पण हे साहेबांना कोणी सांगितलं नाही.

सगळे हात वर गेले म्हटलं खरं, पण तिसऱ्या नावाच्या वेळी एक हात खाली होता. तो माझा. शेजारणीला वाटलं, मी लाजले. तिने मला कोपराने ढोसलं आणि पदराआड हसली. लाजबिज काही नव्हतं. मला माझा नवरा पाळक व्हायला नको होता.

ही गोष्ट महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आसपासची. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता, आम्ही धुळ्याचे. गाव नवापूरच्या बाजूचं, डोंगराच्या पोटातलं. मागच्या टेकड्यांपलीकडे गुजरात आणि अलीकडे आपण, अशी नवीच वाटणी झाली होती. मी मूळची नंदुरबारची, घरी अहिराणी बोलणारी, नर्सिंग शिकून या गावच्या मिशनच्या दवाखान्यात आलेली. नवरा इथलाच, मावची बोलणारा. माझी मावची ऐकून सुरुवातीला बायका पोट धरून हसायच्या. पुढे त्यांची बाळंतपणं केली, तेव्हा हसणं थांबलं. या आठवणीत गावातल्या माणसांचं बोलणं मी मराठीत देतेय, पण ते सगळं मावचीत झालेलं आहे.

साहेबांचा भारतात राहण्याचा परवाना सरकारने वाढवून दिला नव्हता. त्यांना पावसाळ्याच्या आत मायदेशी जायचं होतं. जाण्याआधी मंडळीचा पुढारी तयार करून तिच्या हवाली करायचा, हा त्यांनी ध्यास घेतला होता. तसे ते पुढारी कित्येक वर्षं तयार करत होते. दर उन्हाळ्यात दवाखान्यामागे मांडव पडायचा. आसपासच्या गावांतले पुरुष दशम्या बांधून यायचे आणि साहेब फळ्यावर लिहायचे, पुढारी कसा असावा. नम्र असावा, निर्व्यसनी असावा, वेळ पाळणारा असावा. सगळ्या गावात घड्याळ एकच, तेही साहेबांच्या मनगटावर! शेवटी साहेब विचारायचे, “कोणाचं काही वेगळं मत आहे का?” कोणाचंच नसायचं. साहेब समाधानाने फळा पुसायचे. मी व्हरांड्यात इंजेक्शनच्या सुया उकळत हे ऐकायची आणि मला वाटायचं, हे पुढारी घडवताहेत की माना डोलावणारे?

त्या माना डोलावणाऱ्यांत माझा नवरा जरा वेगळा होता, हे मलाही कबूल करावं लागेल. तो बोलायचा कमी. डोंगरातल्या गावांत दोन घरांची भांडणं लागली की त्याला बोलावणं यायचं. तो जायचा, बसायचा, ऐकून घ्यायचा आणि परत यायचा तेव्हा भांडण मिटलेलं असायचं. काय केलंत म्हणून विचारलं तर म्हणायचा, “काही नाही, बसलो होतो.” पाळक व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. “मला देवाचं बोलावणं आहे,” असं तो एकदाच मला म्हणाला. मी म्हटलं, “बोलावणं मलाही रोज असतं. काल रात्रीच एकीचं बाळ आडवं होतं.” तो उठून गोठ्यात गेला.

मतदान फसलं, तसे साहेब गंभीर झाले. पुढच्या रविवारपर्यंत एक नाव ठरलं नाही तर मिशनचं वरचं बोर्ड नगरकडून पाळक पाठवेल, असं त्यांनी सांगून टाकलं. नगरकडचा माणूस म्हणजे शुद्ध मराठी, इस्त्रीचे कपडे आणि मावचीचा एक शब्द नाही. म्हातारी माणसं त्याच्यापुढे काय बोलणार? मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन तो कोणत्या भाषेत रडणार? सगळ्या गावाला घोर लागला. दवाखान्यात येणारी प्रत्येक बाई मला म्हणायची, “तुझ्याच माणसाचं होईल बघ आता. दुसरं आहे कोण?” मी औषधाची बाटली तिच्या हातात ठेवायची आणि पुढचीला बोलवायची.

त्याच आठवड्यात माझी आई नंदुरबारहून आली. नवापूरपर्यंत रेल्वेने, पुढे बैलगाडीने, काखेत लाल मिरच्यांचं गाठोडं. माझे वडील मिशनचे प्रचारक होते. तापीकाठच्या गावांत हिंडून त्यांनी आयुष्य घालवलं आणि तसेच हिंडता हिंडता गेले. ते फार चांगले होते. सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. पण मला लहानपणी गोवर निघाला आणि डोळे उघडेनात, तेव्हा ते दुसऱ्या एका गावात दुसऱ्याच्या मुलाच्या उशाशी प्रार्थना करत होते. आई दारात उभी होती. मला चेहरा दिसत नव्हता, पण तिच्या बांगड्या चौकटीला लागून वाजत होत्या, त्या ऐकू येत होत्या. ते मूल वाचलं, मीही वाचले, आणि मंडळीने वडिलांचा सत्कार केला. त्या दिवशीही आलेल्या पाहुण्यांना भाकरी आईनेच थापून घातल्या.

आई चुलीपुढे बसली, चहाची बशी ओठाला लावली आणि खाली ठेवली. “हाई घर तुन्हं ऱ्हावाव नही, पोरी,” ती म्हणाली. “धर्मशाळा व्हई जाई.”

“ते त्यासनं बोलावणं शे, आई,” मी म्हटलं. नवऱ्याची बाजू माझ्या तोंडून निघाली, याचं मलाच नवल वाटलं.

“बोलावणं तुन्हा बापलेबी व्हतं. माले कोनी इचारंच नही.” मग तिने चहा संपवला. उठताना म्हणाली, “तुले इचारं तं तोंड उघडजो.”

आणि मला विचारणार होते. हे आईला माहीत नव्हतं, मला होतं.

कारण मधल्या दिवसांत मामा साहेबांकडे जाऊन आले होते. “साहेब, तुमच्या रीतीने बघितलं. आता आमच्या रीतीने बसू द्या,” असं म्हणाले. आमची रीत म्हणजे हात वर करायचे नाहीत. सगळ्यांनी आंब्याखाली जमिनीवर बसायचं. गोष्ट ठरेपर्यंत कोणी उठून घरी जायचं नाही. ज्याला जे वाटतं ते त्याने बोलायचं आणि एक जण जरी ‘नाही’ म्हणाला, तरी ती गोष्ट ठरली नाही, परत पहिल्यापासून बोलायचं. आणि कोणाच्या घरातला माणूस मागायचा असेल, मग तो वर्षाचा सालदार म्हणून असो की जंगलात कुपाच्या, म्हणजे ठेक्याच्या लाकूडतोडीला असो, तर शेवटचा शब्द त्या घरच्या बाईचा. याला म्हणायचे चुलीला विचारणं. मी लग्न होऊन आल्यापासून असं विचारताना कितीतरी वेळा पाहिलं होतं. बाई पदर सावरते, खाली बघते, मान हलवते आणि माणसं गुळाचा खडा तोंडात टाकून उठतात. ‘नाही’ म्हणालेली बाई मी पाहिली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी नवरा गोठ्यातून आला आणि हात धुता धुता म्हणाला, “उद्या तुला विचारतील.”

“माहीत आहे.”

“काय सांगशील?”

“उद्या ऐका.”

त्याने हात पुसले आणि जेवायला बसला. दुसरा कोणी असता तर समजूत घातली असती, नाहीतर दम दिला असता. याने उडदाची डाळ परत मागून घेतली. मला इतका संताप आला की मी डाळीचं भांडंच त्याच्यापुढे ठेवून दिलं.

रविवारी उपासना झाली आणि सगळे आंब्याखाली बसले. साहेबांना खुर्ची आणली, ती त्यांनी परत पाठवली आणि पाय दुमडून जमिनीवर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. पुरुष पुढे, बायका मागे. आई माझ्या शेजारी होती. तिला मावची कळत नव्हती, पण ती सगळ्यांचे चेहरे वाचत होती.

मामांनी आधी स्वतःचं नाव काढून घेतलं. “मला डोळ्यांनी दिसत नाही, शास्त्र काय वाचणार?” ऊन सरकलं, तशी माणसंही सावलीबरोबर सरकली. मास्तर उठून म्हणाले की त्यांची शाळेची नोकरी आहे, ते दोन्ही करू शकणार नाहीत. यावर खालच्या पाड्याची माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांचा माणूस गेला, उरला तो वरच्या पाड्याचा.

शेवटी त्यांच्यातला एक उठला. कधी कोणाला उलट न बोलणारा माणूस. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. “आमची आणि मामांची बांधावरून जुनी भांडणं आहेत,” तो म्हणाला. “हा मामांचा भाचा. उद्या आमचं भांडण याच्यापुढे आलं तर हा कोणाकडे बघेल? मी नाही म्हणतो.”

साहेब दचकले. इतक्या वर्षांच्या शिबिरांत ‘वेगळं मत’ त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. माझा नवरा बसूनच बोलला. “तुमचं भांडण आलं, तर त्या दिवशी मामा माझ्या शेजारी बसणार नाहीत. मास्तर बसतील.” मामांनी मान हलवली. मास्तर म्हणाले, “मी बसेन.” तो माणूस खाली बसला आणि म्हणाला, “मग माझं काही म्हणणं नाही.”

नंतर एकेका घराला विचारलं. दुपार कलली. लहान मुलं झोपली, बकऱ्या परत येऊ लागल्या. प्रत्येक घर ‘हो’ म्हणत गेलं. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी गुडघे सोडवले, उभे राहिले आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटले.

“बसा साहेब,” मामा म्हणाले. “अजून चुलीला विचारलं नाही.”

सगळ्या माना मागे वळल्या. मामांना दिसत नव्हतं, पण ते बरोबर माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, “सुनबाई, तुझ्या घरातला माणूस मंडळी मागतेय. देतेस का?”

“नाही,” मी म्हटलं.

शेजारणीने माझा पदर ओढला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे आणि मराठीत अगदी हळू म्हणाले, “तुम्ही तिला जरा समजावून सांगा.”

माझा नवरा उठला. त्याला हे किती हवं होतं, ते फक्त मला माहीत होतं. पहाटे गोठ्यात गुरांसमोर उभा राहून तो प्रवचनाची तयारी करायचा, ते मी कितीदा ऐकलं होतं. आता तो काय म्हणेल, यावर माझं पुढचं सगळं आयुष्य होतं. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

“साहेब, ती नाही म्हणाली,” तो म्हणाला. “म्हणजे ठरलं नाही. दुसरं नाव बघा.” आणि खाली बसला.

मला रडू आलं नाही, राग आला. वाटलं, या माणसाने माझ्यावर ओरडायला हवं होतं, म्हणजे मला सुखाने ‘नाही’ म्हणत बसता आलं असतं. वडिलांवरचा जो राग मी लहानपणापासून जपून ठेवला होता, तो मी या माणसावर टाकायला निघाले होते, आणि तो मुळी त्याच्यावर बसतच नव्हता.

कोणी उठलं नाही. रीतच तशी. अंधारू लागलं तरी ठरेपर्यंत बसायचं. मामांनी विचारलं, “नाही का, ते सांगशील?”

मग मी बोलले. वडिलांचं सांगितलं. गोवराचं सांगितलं. आईच्या बांगड्यांचं सांगितलं. माझी मावची अडखळत होती, पण या वेळी कोणी हसलं नाही. पाहुणे येतील त्यांना कोण जेवू घालणार, ते विचारलं. मी दवाखाना सोडणार नाही, पाळकीणबाई म्हणून फक्त चहा करत बसणार नाही, हे सांगितलं. “आणि घरात कोणी आजारी असेल, त्या दिवशी हा दुसऱ्याच्या दारी जाणार नाही. मंडळी मेली तरी नाही.”

आई मला हळूच म्हणाली, “काय सांगं तू?”

“तुन्हं सांगं,” मी म्हटलं. तिने माझा हात घट्ट धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

बोलणी परत पहिल्यापासून सुरू झाली. पाहुण्यांचं जेवण पाड्यांनी आळीपाळीने करायचं, असं बायकांनीच ठरवलं. पुरुषांना त्यात विचारलंही नाही. आजारपणात आमच्या घरी मंडळीने यायचं, पाळकाने बाहेर जायचं नाही, हे खालच्या पाड्याच्या त्याच माणसाने सुचवलं. दवाखान्याचं साहेबांनी मान्य केलं. मग मामांनी परत विचारलं, “आता देतेस का?”

अटी सगळ्या मान्य झाल्या होत्या, पण त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. पाडे आपली पाळी विसरतील, हे मला तेव्हाच दिसत होतं, आणि पुढे ते विसरलेही. मी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. तो अजूनही वळला नव्हता. मी अजून एकदा ‘नाही’ म्हणाले असते, तर तो उठून गोठ्यात गेला असता आणि मरेपर्यंत मला एका शब्दानेही बोल लावला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“देते,” मी म्हटलं.

गुळाची ढेप फुटली. साहेबांनी प्रार्थना केली, पण ती फार थोडक्यात.

साहेब जाण्याच्या आदल्या रविवारी दीक्षेचा विधी झाला. नवापूरहून, विसरवाडीकडून माणसं आली होती. माझा नवरा गुडघे टेकून बसला. साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग मामांनी, मग मास्तरांनी. साहेब प्रार्थना सुरू करणार, तोच मामा म्हणाले, “थांबा. चुलीचा हात कुठे आहे?”

हे कुठल्याच विधीत नव्हतं. साहेब क्षणभर थांबले, मग सरकून त्यांनी जागा करून दिली. मी दवाखान्यातूनच धावत आले होते, हाताला स्पिरिटचा वास येत होता. तसाच तो हात मी त्याच्या केसांवर ठेवला. डोकं तापलेलं होतं. साहेबांचे डोळे मिटले. प्रार्थना सुरू झाली.

“मतदानाला तुझा हात खाली होता,” तो हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू येईल असं. “मी पाहिलं होतं.”

“गप्प बसा,” मी म्हटलं. “प्रार्थना चाललीय.”

आणि हात मी जरा दाबून ठेवला.